महिन्याची वांगी

शलाकाला गोळ्या आणायच्या असल्या, की ती वांगी आणायला जायची.

वांगी नैरोबीत कुठेही मिळतात. पार्कलंड्समध्ये ती राहायची त्या इमारतीच्या फाटकासमोरच एक बाई रोज टोपली घेऊन बसे, आणि तिची वांगी उत्तम असत. तरी शलाका महिन्यातून एकदा ऑफिस सुटल्यावर दोन मटाटू बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, साउथ बी नावाच्या वस्तीत जायची. मटाटू म्हणजे तिथली मिनीबस. जगातल्या सगळ्या गाड्या विजेवर गेल्या आणि स्वतःच स्वतःला चालवायला लागल्या, तरी मटाटूत कंडक्टर दाराला लटकलेला आणि गाणं फुल्ल लावलेलंच. साउथ बीला उतरलं की एक भाजीवाला होता आणि त्याला खेटून औषधांचं खोपटाएवढं दुकान. दुकानदाराला सगळे ‘डाक्तारी’ म्हणत, कारण तो डॉक्टर नव्हता. डाक्तारी काही विचारत नसे. शलाका दिसली की तो गोळ्यांचं पाकीट कागदात गुंडाळायचा, ती फोनने पैसे द्यायची, आणि शेजारून किलोभर वांगी घेऊन परत निघायची. पाकीट पिशवीत तळाला, वर वांगी.

सरकारी दवाखान्यात हेच पाकीट फुकट मिळायचं. पण तिथे रांग होती, रांगेला बाक होते, बाकांवर बायका होत्या आणि नर्सचा आवाज खणखणीत होता. कोपऱ्यावर जिग्नेशभाईंचं मोठं मेडिकल होतं, पण जिग्नेशभाई महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला न चुकता यायचे, तिच्या सासूबाईंना ‘कुमुदबेन’ म्हणायचे आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या गप्पांसकट घरपोच करायचे. तिथे गोळ्या घेणं म्हणजे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकण्यासारखं होतं.

सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आता नववा महिना लागला होता. आल्या दिवशीच त्यांनी बॅग कपाटावर टाकून जाहीर केलं होतं, “या घरात पाळणा हलल्याशिवाय मी काही जात नाही.” लोकांना वाटलं, गंमत करतात. शलाकाने ती बॅग कपाटावरून खाली आलेली अजून पाहिली नव्हती.

“निनाद, तू सांग ना त्यांना, की आपल्याला इतक्यात नकोय म्हणून.”

“आई जाईपर्यंत थांब,” तिचा नवरा म्हणायचा. “मग सांगू.”

“गेल्यावर कशाला सांगायचं?”

“तेच तर.”

शलाकाकडे कारण नव्हतं, हीच खरी अडचण होती. पैसे होते, प्रकृती होती, नवराही तसा बरा होता. तिला फक्त अजून नको होतं. सोफ्याच्या रंगाबाबत ‘मला नको’ एवढं कारण पुरायचं. इथे मात्र सगळ्यांना कारण हवं असायचं, आणि ते ऐकून झाल्यावर त्याच्यावर उपाय सुचवायचे असायचे. म्हणून वांगी. दर महिन्याला भरीत व्हायचं. निनादच्या अंगावर पित्त उठायचं आणि तो निमूट खाजवायचा. एवढा त्याग त्याने केला, हे शलाकाला मान्य होतं.

आता तिच्या नोकरीबद्दल. शलाका जिथे काम करायची ती कंपनी एक यंत्र बनवत होती. यंत्राचं नाव ‘जिरानी’. स्वाहिलीत जिरानी म्हणजे शेजारी. गोळी घेताना बाई ज्याच्यापासून लपते तो शेजारीच असतो, हे नाव ठरवणाऱ्या बैठकीत कोणाला सुचलं नाही. त्या बैठकीत शलाका होती. वांग्यांसाठीची रिकामी पिशवी तिच्या खुर्चीखाली होती.

जिरानी म्हणजे एक पांढरं, छातीएवढं उंच, गोलमटोल कपाट. त्याला चाकं आणि वर हसरा चेहरा. पोटात गर्भनिरोधक गोळ्या, निरोध, आणि बाईला घरच्या घरी स्वतःच टोचून घेता येईल अशी तीन महिन्यांची सुई. म्हणजे थोड्या काळापुरती, पुन्हा पुन्हा आणावी लागणारी सगळी साधनं. यंत्र रस्त्याने एकटं फिरायचं, लिफ्टचं बटण दाबायचं आणि जिथे गरज असेल तिथे आपण होऊन जायचं.

गरज कुठे आहे हे त्याला कसं कळायचं? ते गणित शलाकाचं होतं, आणि गणित म्हणून ते खरोखर सुंदर होतं. त्या शहरात भाजीपासून भाड्यापर्यंत सगळे पैसे फोनवरून दिले जायचे. कंपनीने त्या व्यवहारांचा माग विकत घेतला होता, नावं आणि नंबर पुसून. पण नाव पुसलं तरी सवय पुसत नाही. गोळ्यांचं पाकीट अठ्ठावीस दिवसांचं असतं, त्यामुळे ते घेणारीचा व्यवहार अठ्ठावीस दिवसांनी परत येतो. लाखो व्यवहारांच्या गोंगाटात तो नियमित ठोका शोधून काढणं अवघड नसतं. गजबजलेल्या वॉर्डात डॉक्टरला स्टेथोस्कोपमधून हृदय ऐकू येतं तसंच. ठोका सापडला की तो फोन रात्री कुठल्या इमारतीत झोपतो ते बघायचं. झाली गरज नकाशावर. पुढचं दार यंत्र स्वतः हुडकायचं, फोनच्या लहरी हुंगत हुंगत.

आता प्रत्येक गरज यंत्राला आपल्याकडे ओढणार, ग्रह ओढतात तशी. जास्त ओढ असेल तिकडे यंत्र जाणार. पण ओढ कोणाची जास्त धरायची? इथे शलाकाने एका ओळीचं सूत्र लिहिलं होतं: जी बाई जितकी लांब जाऊन गोळ्या आणते, तितकी तिची गैरसोय मोठी आणि तितकी तिची ओढ मोठी. साधी गोष्ट आहे. जवळ मिळत असताना लांब कोण जाईल?

हे लिहिताना तिला घाई होती. साउथ बीचा मटाटू चुकला असता.

चाचणी सुरू झाली आणि जिरानी पहिल्यांदा उमोजा भागातल्या एका बाईच्या दारात जाऊन उभं राहिलं. चालत्या यंत्राने आवाज करावा असा नियम असल्यामुळे ते आइस्क्रीमच्या गाडीसारखी आनंदी धून वाजवत गेलं. मागे गल्लीतली सगळी पोरं. बाईने शेजारणींना सांगितलं, आइस्क्रीमच आहे. पोरांनी रांग लावली. यंत्र प्रामाणिक होतं. त्याने तीन भाषांमध्ये, मोठ्याने, आपण काय विकतो ते सांगितलं.

पुढच्या महिन्यात ती बाई गोळ्या आणायला आणखी लांब गेली. यंत्राच्या हिशेबी तिची गैरसोय वाढली होती, म्हणून ते तिच्याकडे आणखी वेळा गेलं. मग ती बसने पुढच्या शहरात गेली. यंत्राला बिचारीची इतकी कीव आली, की ते तिच्या दारातून हलेना. नवऱ्याने शेवटी त्याच्यावर कपडे वाळत घातले.

“काहीतरी चुकतंय,” अकीनी म्हणाली. ही शलाकाची ऑफिसातली शेजारीण, नकाशे बघण्याचं काम तिचं. “बायका पळतायत गं.”

“पळत नाहीयेत, त्यांना लांब जावं लागतंय,” शलाका म्हणाली. “बघ ना, अंतर वाढलंय.”

“तेच म्हणतेय मी.”

नकाशावर दोन ठिपके ऑफिसात फार लोकप्रिय होते. एका ठिपक्याला सगळे ‘बिचारी’ म्हणायचे. ही दर महिन्याला अख्खं शहर ओलांडून जायची, इतकी लांब की ज्याचं त्याला वाईट वाटायचं. दुसऱ्याचं नाव ‘राजा’. हा प्रत्येक वेळी वेगळ्या दुकानात जायचा आणि महिन्याला डझनाच्या वर पाकिटं न्यायचा.

“डझनभर बायका सांभाळतो,” अकीनी आदराने म्हणायची. “आणि सगळ्यांची औषधं स्वतः आणतो. असे पुरुष आता राहिले नाहीत.”

मग एक दिवस कामाउसाहेबांनी बैठक बोलावली. कामाउसाहेब कंपनीचे संचालक; सूट कायम निळा, उत्साह कायम सकाळचा. त्यांनी पडद्यावर नकाशा लावला.

“उद्घाटन पुढच्या शुक्रवारी. आरोग्य खात्याचे पाहुणे येणार, वार्ताहर येणार. आपण कुठे जायचं ते ठरवणार नाही. जिरानी ठरवेल! आपण सगळे तिच्या मागून चालत जाऊ. आणि आत्ताच सांगतो, ओढ सगळ्यात जास्त कुठे आहे? पार्कलंड्सच्या या एका इमारतीत. मित्रांनो, ‘बिचारी’ आणि ‘राजा’ एकाच इमारतीत राहतात!”

टाळ्या वाजल्या. शलाकाने पडद्याकडे पाहिलं. बिचारीचा मार्ग लाल रेषेने काढला होता. ऑफिस, दोन मटाटू, साउथ बी, औषधांचं दुकान. तिथून रेषा एक बारीकसं वळण घेऊन शेजारच्या दुकानात जात होती.

“इथे ती काय करते ते कळलेलं नाही,” कामाउसाहेब म्हणाले. “बहुतेक रडते.”

घरी आल्यावर तिने निनादला बाथरूममध्ये गाठून सगळं सांगितलं, कारण घरात तेवढीच खोली सासूबाईंच्या कानांपासून लांब होती.

“म्हणजे ते यंत्र आपल्या दारात येणार? आईसमोर?”

“वार्ताहरांसकट.”

निनादने बराच विचार केला. “शुक्रवारी मला मोम्बासाला जावं लागेल असं वाटतंय.”

“निनाद!”

“बरं, मग आईला कुठेतरी पाठव.”

शलाकाने प्रयत्न केला. मंडळाच्या पाटीलकाकूंना फोन करून तिने खास शुक्रवारी हळदीकुंकू ठरवायला लावलं. सासूबाईंनी ते एका वाक्यात उडवलं. “शुक्रवारी नाही जमणार. मला काम आहे.”

“कसलं काम, आई?”

“असतं.”

मग तिला सोपा उपाय सुचला. यंत्र फोन हुंगत येतं ना? मग फोन बंद ठेवायचा. शुक्रवारी सकाळी तिने फोन बंद करून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला. बिचारी नकाशावरून नाहीशी झाली. आता यंत्र इमारतीत गेलं तरी सरळ राजाकडे जाणार. तिला एकदम हलकं वाटलं, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही वाटायला लागली. कोण असेल हा राजा? तिचा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या मेहतांवर होता. एकटे राहायचे आणि अत्तर फार लावायचे.

मिरवणूक निघाली. पुढे धून वाजवत जिरानी, मागे कामाउसाहेब, पाहुणे, कॅमेरे, आणि सगळ्यात मागे अकीनीचा हात धरून शलाका. जिग्नेशभाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. इमारतीच्या फाटकाशी वांगीवाल्या बाईने टोपली बाजूला घेतली. यंत्र लिफ्टमध्ये शिरलं. मावले तेवढे आत गेले, बाकीचे जिन्याने पळत निघाले, शलाका आणि अकीनीही त्यांच्यातच.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. यंत्राने एकदा हुंगलं. शलाका अकीनीच्या कानात म्हणाली, “मेहता! मी म्हटलं नव्हतं?” दार बंद झालं आणि लिफ्ट आणखी वर निघाली.

चौथ्या मजल्यावर तीन दारं होती. यंत्र मधल्या दाराशी गेलं. दारावर रांगोळीचं स्टिकर होतं, ते शलाकानेच लावलेलं होतं.

यंत्राने घंटा वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं. त्यांच्या हातात भाजीची मोठी पिशवी होती आणि मागे, शलाकाच्या सोफ्यावर, इमारतीतल्या पाच-सहा बायका ओळीने बसलेल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरची हेतल, तळमजल्यावरची म्वेंडे, आणि बाकीच्या. सगळ्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम पदर, ओढण्या, मासिकं जे हाताशी होतं ते तोंडासमोर धरलं.

सासूबाईंच्या फोनची भाषा मराठी होती, म्हणून यंत्र मराठीत बोललं. “नमस्कार, आदरणीय ग्राहक! आपण महिन्याला चौदा पाकिटं नेता. आता आपल्याला कुठेही जायला नको. मी आले आहे.”

“हा राजा?” अकीनी कुजबुजली. “या तर तुझ्या सासूबाई!”

कामाउसाहेबांना मराठी येत नव्हती, पण चेहरे वाचता येत होते. ते सासूबाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहत राहिले. एका वार्ताहराने विचारलं, “आजी, या गोळ्या तुम्ही घेता?”

सासूबाईंनी त्याला आपल्या इंग्रजीत उत्तर दिलं, त्याचा मराठी अर्थ असा होता, “मेल्या, माझं वय काय?” मग त्यांना दिसलं की आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “या पोरींना दुकानात जायची लाज वाटते. मला नाही वाटत. पांढऱ्या केसांकडे कोणी बघत नाही. मी रोज फिरायला जातेच, येताना घेऊन येते. वेगवेगळ्या दुकानांतून, म्हणजे कोणाला संशय नको. त्यात काय एवढं?”

शलाका पायऱ्यांवर उभी होती. फोनने पैसे कसे द्यायचे हे सासूबाईंना तिनेच शिकवलं होतं. पण तिचा जीव भांड्यात पडला. बिचारीचं नाव कोणी काढलं नव्हतं. आता पाहुण्यांना चहा द्यावा, फोटो काढावेत आणि संपवावं.

“आदरणीय ग्राहक,” यंत्र आता पाहुण्यांसाठी इंग्रजीतही म्हणालं, “या घरात रात्री आणखी एक ग्राहक झोपतात. शहरात सगळ्यात लांबून गोळ्या आणतात त्या. त्यांचा फोन आज सकाळपासून बंद आहे. त्यांची प्रकृती ठीक आहे ना? मला काळजी वाटते.”

सासूबाईंनी हळूहळू मान वळवली.

“शलाका,” त्या म्हणाल्या, “मी तुला सकाळपासून चार वेळा फोन केला. साखर संपलीय म्हणून. बंद येतोय.”

 यंत्राची धून चालूच होती.

“मीच ती,” शलाका म्हणाली.

“बिचारी!” कामाउसाहेब हर्षाने ओरडले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. कॅमेरे चमकले. सासूबाईंनी पाहुण्यांना आत बोलावलं, चहा ठेवला, चिवडा काढला, आणि सुनेकडे न बघता तिच्याच हातात ट्रे दिला.

पाहुणे गेल्यावर भांडण झालं. निनाद मधेच आला होता, पण दारातूनच दोघींचे चेहरे बघून “माझी एक मीटिंग आहे” म्हणून परत फिरला.

“आई, तुम्ही अख्ख्या इमारतीला गोळ्या आणून देता! डझनभर बायकांना!”

“चौदा. दोघी पलीकडच्या इमारतीतल्या आहेत.”

“आणि मला म्हणता पाळणा?”

“त्या दुसऱ्यांच्या सुना आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्यांच्या. त्यांचं त्यांच्या सासवा बघतील.”

“त्यांच्या सासवांना कळू नये म्हणून तर तुम्ही आणता!”

सासूबाईंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. “तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या.

“आणि उद्या हेतलच्या सासूने मला गोळ्या आणून दिल्या तर?”

“विमल? तिला दोन जिने चढवत नाहीत. ती कसली आणते!”

“आई, मुद्दा तो नाहीये! मला अजून नकोय. कारण काही नाही. फक्त नकोय.”

“मला विचारलं असतंस तर.”

“तर काय केलं असतं?”

“नाही म्हटलं असतं,” सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

अबोला सुरू झाला. सासूबाई निनादशी बोलायच्या, आणि शलाकाला ऐकू जाईल अशा आवाजात. “निनाद, मीठ कमी आहे म्हणावं.” निनाद शलाकाकडे वळून म्हणायचा, “मीठ कमी आहे.” समोर बसलेली शलाका म्हणायची, “ऐकलं.” कपाटावरची बॅग मात्र खाली आली नाही. उलट सासूबाईंची संध्याकाळची फेरी आणखी लांबली, आणि आता त्या पिशव्या दोन नेऊ लागल्या.

ऑफिसात कामाउसाहेब खूश होते. टीव्हीवर दाखवलं होतं. बाकी शहरात मात्र हाहाकार होता. यंत्र आपल्याही दारात येईल या भीतीने बायका फोन घरी ठेवून, बहिणीच्या, दिराच्या, वॉचमनच्या फोनने पैसे देत होत्या. जिरानीने एका निवृत्त हेडमास्तरांना गाठून विचारलं होतं, की एवढी पाकिटं नेता, आपल्याला विश्रांतीची गरज आहे का. एका चर्चसमोर ते रविवारभर उभं राहिलं.

“मला एक सांग,” अकीनी म्हणाली. दोघी नकाशासमोर बसल्या होत्या. “तू साउथ बीला का जायचीस? ते तर माझं घर आहे.”

“तिथला डाक्तारी फार चांगला आहे. एक प्रश्न विचारत नाही.”

“तो? तो माझ्या मावशीचा दीर. मी खोकल्याचं औषध घेतलं तरी संध्याकाळी मावशीचा फोन येतो. मी नाही जात बाई त्याच्याकडे.”

“मग तू कुठे जातेस?”

“पार्कलंड्सला. तुमच्या कोपऱ्यावर एक गुजराती गृहस्थ आहेत. फार सज्जन. तोंडातून शब्द काढत नाहीत.”

“जिग्नेशभाई?” शलाका किंचाळली. “जिग्नेशभाई शब्द काढत नाहीत?”

 मग दोघींच्याही एकदम लक्षात आलं, की दर महिन्याला आपण समोरासमोरच्या दोन मटाटूंतून एकमेकींच्या शेजारून जात असणार, दोघी खिडकीत, दोघी आपापल्या शेजाऱ्यांपासून सुटलेल्या. नकाशावरच्या त्या सगळ्या लांबलचक रेषा शलाकाला आता वेगळ्या दिसायला लागल्या. या बायकांना जवळ मिळत नव्हतं असं नाही. जवळ नकोच होतं. ते अंतर त्यांनी स्वतः निवडलेलं होतं, आणि शलाकाने त्याला गैरसोय म्हणून गणितात घातलं होतं. आपला स्वतःचा पाय दर महिन्याला ते अंतर चालत असताना.

“मूर्ख आहे मी,” ती म्हणाली.

“आहेस,” अकीनी म्हणाली. “दुरुस्त कर.”

दुरुस्ती एका चिन्हाची होती. सूत्रात अंतरापुढे अधिक होतं, तिथे शलाकाने उणे टाकलं. म्हणजे बाई जितकी लांब जाते, तितकं यंत्राने तिच्या घरापासून लांब राहायचं. ओढीच्या जागी आता ढकल आली. कामाउसाहेबांना तिने सांगितलं की छोटीशी सुधारणा आहे, आणि कळ दाबली.

जिरानी चर्चसमोरून निघालं. पार्कलंड्सपासून लांब गेलं तर ते इस्टलीच्या जवळ यायचं, इस्टलीने ढकललं की उमोजाच्या, उमोजाने ढकललं की साउथ बीच्या. प्रत्येक वस्तीत बायका होत्या आणि प्रत्येकीला ते आपल्यापासून दूर हवं होतं. दिवसभर ते शहरभर भेलकांडत राहिलं, आणि शेवटी जिथे कोणाचंच घर नाही अशी एकमेव जागा त्याला सापडली. नैरोबीच्या दक्षिणेला, शहराला खेटूनच, राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. जिरानी त्याच्या कुंपणाशी जाऊन थांबलं. पलीकडे जिराफ चरत होते. जिराफांकडे फोन नव्हते. यंत्राला तिथे शांत वाटलं असावं. त्याने धून बंद केली.

“संपलं,” शलाका म्हणाली. “आता मला काढून टाकतील.”

पण शनिवारी नकाशा बघून अकीनीने तिला घाईने बोलावून घेतलं, आणि दोघी तिकडे गेल्या.

यंत्र कुठे थांबलंय ही कुजबुज शहरभर पसरली असावी; कुंपणाशी बायकांची रांग होती. उमोजाची ती पळणारी बाई होती, डोक्याला रंगीत फडकी बांधलेल्या बायका होत्या, बुरखेवाल्या होत्या, ऑफिसच्या कपड्यांतल्या होत्या. कोणी कोणाला ओळख दाखवत नव्हतं. प्रत्येकजण कुंपणापलीकडे बघत होती. जिराफाकडे एवढ्या गांभीर्याने पूर्वी कोणी बघितलं नसेल. एकीने तर दुर्बीण आणली होती. आपली पाळी आली की ती बाई सहज मागे सरकायची, जिरानीच्या पोटात हात घालायची आणि पुन्हा जिराफाकडे वळायची. अकीनीने लांबूनच आपल्या मावशीला पाहिलं, आणि मावशीने अकीनीला. दोघींनी ताबडतोब जिराफाकडे तोंडं फिरवली.

“ज्यांना इथवर येणं परवडत नाही, त्यांचं काय गं?” शलाकाने विचारलं.

उत्तर यायच्या आत एक भाड्याचा मटाटू येऊन थांबला. त्यातून आधी चालायचे बूट उतरले, मग टोपी, मग सासूबाई. दोन्ही हातांत पिशव्या. त्यांच्यामागून वेगवेगळ्या वस्त्यांतल्या चार-पाच म्हाताऱ्या उतरल्या, त्यांच्याही हातांत पिशव्या. सासूबाईंनी शलाकाला पाहिलं. अबोला पाळायचा तर तोंड फिरवायला हवं होतं, पण तिकडे जिराफ होता आणि इकडे सून.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “तू इथे कशी?”

“जिराफ बघायला,” शलाका म्हणाली. “तुम्ही?”

“मीही जिराफच.”

दोघी कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांना रांगेतल्या बायकांनी आपण होऊन पुढे जाऊ दिलं. सासूबाई गेल्या, पिशव्या भरल्या, आणि परत येऊन शलाकाच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक पाकीट काढलं आणि जिराफावरची नजर न काढता बाजूला धरलं.

“हे घे.”

“आई...”

“बोलू नकोस. जिराफ बघ.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “मला नातवंड हवंच आहे. ते काही बदललेलं नाही.”

“हो.”

“आणि मी विचारणारसुद्धा. अधूनमधून.”

“हो, आई.”

“पण तेवढ्यासाठी तू गर्दीत धक्के खात शहरभर हिंडायचं, हे मला पटत नाही. घरात एक रिकामटेकडी बाई असताना.” त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. “आणि ती वांगी आणणं आता बंद कर. निनादच्या अंगावर पित्त उठतं.”

शलाकाने पाकीट पर्समध्ये टाकलं. वर ठेवायला या वेळी काही नव्हतं. “पण तुम्हाला भरीत आवडतं ना?”

“मला?” सासूबाई म्हणाल्या. “वांग्याचा वाससुद्धा आवडत नाही. तू एवढ्या लांबून आणायचीस, म्हणून खात होते.”